तोंड आत

आमच्या गावात भिंतीला खिळा मारत नाहीत. तसा कायदा नाही, कुणी शपथ घातलेली नाही, पण कॅलेंडर असो, आरसा असो की मेलेल्या माणसाचा फोटो, आम्ही तो तुळईला दोरी बांधून लोंबता सोडतो. वारा आला की आमचे पूर्वज गोल गोल फिरतात. बाहेरगावाहून आलेली नवी सून पहिल्याच आठवड्यात विचारते, हे काय खूळ? सासू सांगते, गिलावा कच्चा आहे, खिळा धरत नाही. सून गप्प बसते आणि पुढे स्वतःच्या सुनेला तेच सांगते. खाटाही आम्ही खोलीच्या मधोमध टाकतो, भिंतीपासून चांगल्या हातभर लांब. पाहुण्यांना वाटतं, उन्हाळ्यासाठी असेल. आम्ही म्हणतो, हो, उन्हाळ्यासाठीच.

हे सगळं माझ्या मामांपासून सुरू झालं, आणि मामांना ते शेवटपर्यंत सलत राहिलं.

मामा गवंडी होते. गावात त्यांना थापीमामा म्हणत, कारण थापी हातात नसली तरी त्यांचा उजवा हात गिलावा सारखा करत असल्यासारखा हलत राहायचा. जेवताना, बोलताना, कुणाच्या मयताला उभे असतानासुद्धा. माझी आई मी लहान असतानाच गेली. तेव्हा मामा मला हाताला धरून घरी घेऊन आले आणि मामीला म्हणाले, "ही आता इथेच." मामी म्हणाली, "मग उभी काय केलीये तिला? बसवा." एवढ्यावर माझं दत्तकविधान उरकलं. त्या दोघांना मूल नव्हतं. पुढे मी शिवणकाम शिकले, दोन गल्ल्या सोडून घर केलं आणि पुढच्या खोलीत मशीन टाकून दुकान काढलं. ते घरही मामांनीच बांधून दिलं.

बोलायला मामा अगदीच कंजूष. पण भिंत अशी घालायचे की लोक ओळंबा लावायचे ते केवळ ओळंब्याची परीक्षा बघायला. भिंत पुरी झाली की त्यांची एक सवय होती. पंजा सपाट टेकवायचे, मान जराशी वळवायचे आणि थोडा वेळ तसेच उभे राहायचे. लहानपणी मला वाटायचं, ओल बघतात. ओल बघायला डोळे कशाला मिटावे लागतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

आता रांगेबद्दल सांगायला हवं.

गावाबाहेर, नदीच्या अंगाला, एक लांबच लांब दगडी भिंत होती. तिला आम्ही रांग म्हणायचो. तिच्यावर माणसं कोरलेली होती, एकामागे एक चाललेली. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. एका चिऱ्यावर एक माणूस. पण मागच्याचा हात पुढच्या चिऱ्यावर कोरलेला, त्यामुळे चिरा सुटा केला की त्या माणसाच्या खांद्यावर एक परका हात उरायचा, मनगटापाशी तुटलेला. ही माणसं कोण, कुठे निघाली होती, कुणालाच ठाऊक नाही. कैदी असतील, आंधळे असतील, कुणाच्या अंत्ययात्रेला आलेले असतील. पंडितांनी यावर जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत आणि एकमेकांना मूर्ख ठरवलं आहे. रांगेच्या अगदी टोकाला, कोपऱ्याच्या चिऱ्यावर, म्होरक्या होता. सगळ्या रांगेत एकट्या त्याचे डोळे उघडे. टक्क उघडे नव्हेत. झोपेतून कुणी हाक मारल्यावर माणूस उघडतो तेवढेच. त्याचाही हात पुढे केलेला, पण पुढे खांदा नव्हता.

या रांगेचं चित्र देशातल्या प्रत्येक शाळेच्या पुस्तकात होतं. पोस्टाच्या तिकिटावरही होतं म्हणे. मोठमोठे लोक गाड्यांतून यायचे, 'अमूल्य ठेवा' असं म्हणायचे, रुमालाने मान पुसायचे आणि ऊन व्हायच्या आत परत जायचे. मागे उरायचा एक गंजका फलक, एक पहारेकऱ्याची खोली जिच्यात कधी पहारेकरी राहिला नाही, आणि आमच्या शेळ्या. पोरं म्होरक्याच्या हातावर बाटल्या ठेवून दगड मारायची. रांगेची काळजी घ्यायची जबाबदारी सगळ्या देशाची होती, म्हणजे कुणाचीच नव्हती. आम्ही तर जवळचे, आम्हाला तिचं काय कौतुक?

मामांचं नुकतं लग्न झालं होतं तेव्हा नदी गावात शिरली आणि त्यांचं मातीचं घर बसलं. नवं घर दगडाचं बांधायचं ठरलं. सगळं जमलं, पण कोपऱ्याला घालायला भक्कम चिरा मिळेना. त्याच सुमारास कुणाच्या तरी गाडीचा धक्का लागून म्होरक्या रांगेतून निखळला होता आणि वाटेवर आडवा पडला होता. कितीतरी दिवस तो तसाच होता. लोक त्याला वळसा घालून जायचे, बायका त्याच्यावर धुण्याची पाटी टेकवायच्या. मामांनी तो उचलून आणला. यात त्यांना चोरी वाटली नाही. पडलेला दगड होता, गवंड्याला चिरा हवा होता.

निजायच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी तो बसवला, कोरलेली बाजू बाहेर, खोलीकडे. त्यांना वाटलं, बायको खूश होईल. मामी दिवा मालवायला उठली आणि तिथेच थबकली. म्हणाली, "हा आपल्याकडे काय म्हणून बघतोय?"

दुसऱ्या दिवशी मामांनी चिरा काढला, फिरवला आणि तोंड आत करून पुन्हा बसवला. आमच्याकडच्या भिंती दुहेरी असतात: बाहेरून एक दगडांचा पडदा, आतून एक, आणि मध्ये माती-खडीची भर. म्होरक्याचं तोंड त्या भरीत गेलं. खोलीकडे आली ती त्याची ओबडधोबड पाठ, आणि तिच्यावर गिलावा. मी कापडाची शिवण आत वळवते तसंच, वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

शेजारच्या मास्तरांनी हे पाहिलं. ते शाळेत इतिहास शिकवायचे. ते म्हणाले, "थापी, जोत्यासाठी असेच दोन-चार चिरे मलाही बघ की." निजायच्या खोलीची मास्तरांशी सामाईक असलेली भिंतही तेव्हा मामांनी त्याच चिऱ्यांनी नव्याने घातली. मग मास्तरांच्या मेहुण्याने मागितले. मग गिरणीवाल्याने. म्होरक्या जागेवर होता तोवर एका चिऱ्यालाही कुणी हात लावला नव्हता, का कोण जाणे. तो हलला आणि सगळ्यांचीच भीड चेपली. निम्मं गाव मामांनी बांधलं, उरलेलं त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी. हाताखालच्यांना मामांची एकच ताकीद असायची: तोंड आत. का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्या गावाने ते पाळलं, आणि सगळ्या गावाने भिंतीला खिळा मारणं सोडलं. छातीच्या उंचीवर ठोका मारला की आतून येणारा आवाज कुणालाच आवडत नव्हता.

आणि मास्तर? ते दरवर्षी पोरांना रांगेपाशी नेऊन भाषण ठोकायचे. वारसा, ऱ्हास, आपली उदासीनता. ज्या वर्षी त्यांचं भाषण सगळ्यात हृदयस्पर्शी झालं, त्याच वर्षी त्यांनी वरचा मजला चढवला. मी तोंडावर हे बोलून दाखवलं होतं. ते म्हणाले, "तू ब्लाउज शीव."

अशी वर्षं गेली. मामांचे केस पिकले, थापी सुटली, हात मात्र हलत राहिला. मग मामी अंगणात घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तिला आधाराशिवाय उठता येईना. म्हणून तिची खाट कोपऱ्यात सरकवली, भिंतीला चिकटून. गावात भिंतीला लागून असलेली ती एकच खाट.

महिन्याभराने मामी सहज म्हणाली, "या कोपऱ्यात उबदार लागतं. उशाशी कुणीतरी बसल्यासारखं वाटतं." मी हसले. मामा ताटावरून उठले. त्यानंतर ते त्या खोलीत जेवले नाहीत.

मामी भिणाऱ्यांतली नव्हती. उलट तिला त्याची सवयच झाली. मी दुपारी डबा घेऊन जायचे तेव्हा ती भिंतीकडे कूस करून काहीतरी पुटपुटत असायची. कुणाशी बोलतेस विचारलं तर म्हणायची, "तुझे मामा बोलत नाहीत, मग मी कुणाशी बोलायचं?" गिलाव्यावर खांद्याच्या उंचीला एक ओलसर डाग होता, पंज्याएवढा. मामांनी तो दोनदा खरवडून नव्याने लिंपला होता. आठवड्याच्या आत तो परत तिथेच उमटायचा.

मामा रोज सकाळी रांगेकडे जायला लागले. आता तिथे उरलं होतंच किती. टोकाकडचा एक तुकडा, तोही बाहेर झुकलेला. कोपऱ्याचा चिरा नाही म्हटल्यावर तो झुकणारच, हे सांगायला गवंडी लागत नाही. खालून शाळेची वाट जात होती. मामा लाकडाचे टेकू लावून यायचे, कुणीतरी ते जळणाला न्यायचं. मामा परत लावायचे. एकदा ते माझ्या दुकानात येऊन बसले. मशीन थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "ते एखाद्या पोरावर पडणार बघ. आणि पडलं तर पाडणारा मीच. मरायच्या आत म्होरक्या जागेवर नेऊन बसवायचाय मला."

"मामीला विचारलं?"

"तूच विचार."

मामीने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "अख्ख्या गावाने नेलं, आणि भिंत फक्त माझीच फोडायची? मास्तरांचा मजला उतरवा आधी. आणि घर खाली आलं म्हणजे? या कंबरेनं मी पळू कुठे?" तिचं काही चूक नव्हतं. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

तशात पुरातत्त्व खात्याच्या एक बाई आल्या. तरुण होत्या, पायात मजबूत बूट, बोलायला नीट. त्यांनी फिती लावून रांग मोजली, शाळेत सभा घेतली आणि सांगितलं की महिनाभरात कुंपण पडेल, पहारा बसेल, उरलेलं तरी वाचवू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी आभाराचं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर निघाले.

कुंपण पडल्यावर मिळणार नाही, मग आत्ताच उचला. एवढा साधा हिशोब. भर दिवसा, उजळ माथ्याने. मी दुकानाच्या पायरीवरून बघायचे. ट्रॉलीत ती माणसं उताणी निजवलेली असायची, वर ताडपत्री, गळ्यापर्यंत. मिटलेले डोळे आभाळाकडे. खड्ड्यात चाक गेलं की सगळी डोकी एकदम एका बाजूला कलायची, मग परत सरळ व्हायची. वाटेवरचे लोक नजर दुसरीकडे वळवायचे. मला त्या दिवसांत शिवताना पाठीला सारखी थंडी वाजायची.

मग एका सकाळी टोकाच्या तुकड्यातला एक चिरा सुटून वाटेवर आदळला. शाळेची पोरं नुकतीच पुढे गेली होती. सगळ्यात मागे राहिलेल्या मुलीच्या दप्तराला माती लागली, इतकंच. मामीला हे कळलं तेव्हा तिने मामांना खाटेजवळ बोलावलं. म्हणाली, "न्या त्याला. पण संध्याकाळपर्यंत माझी भिंत होती तशी पाहिजे." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि सांभाळून न्या." हे तिने कोणासाठी म्हटलं, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मामीला रिक्षातून माझ्या घरी आणून निजवलं आणि मामांच्या मदतीला गेले. मामा पहाटेच रांगेवर जाऊन आले होते. टोकाचा तुकडा अजून उभा होता. "आज बसवला तर धरेल," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लांबून ट्रॅक्टरची घरघर येत होती, पण ती आता रोजचीच. मामांनी तुळईखाली टेकू दिले, गिलावा खरवडला, सांध्यांतला चुना छिन्नीने काढला. मग पहारी घालून आम्ही दोघांनी चिरा तसूतसूने ओढत आणला, फळ्यांवर, लाकडी रुळांवर. पाठ आधी आली, तोंड शेवटी. मामांनी त्याच्यावरची माती हाताने झाडली.

म्होरक्याचे डोळे मिटलेले होते.

म्हणजे, भरीची माती खोबणीत बसून दगडासारखी घट्ट झाली होती, पापण्या ओढून घेतल्यासारखी. मामा म्हणाले, "माती आहे. तिथे बसवल्यावर काढू."  मग ते वाकले आणि चिरा निघून पडलेल्या भगदाडात त्यांनी बॅटरीचा झोत टाकला.

ते बघत राहिले. मला पहिल्यांदा जाणवलं ते त्यांच्या हाताचं. जन्मभर हलणारा तो उजवा हात हलायचा थांबला होता.

"तू बघू नको," मामा म्हणाले.

असं म्हटल्यावर कोण बघणार नाही? मी त्यांच्या काखेखालून डोकं घातलं.

आतली भर इतक्या वर्षांत खाली बसून गेली होती. दोन पडद्यांच्या मध्ये हातभर पोकळी झाली होती, आणि ती भिंतीभर पुढे गेली होती, सामाईक भिंतीतून मास्तरांच्या घराकडे, अंधारात. दोन्ही बाजूंनी चेहरे होते, समोरासमोर. मामांनी आणि त्यांच्या माणसांनी हाती येईल तो चिरा बसवला होता, तोंड आत करून. त्या प्रत्येक चेहऱ्याचे डोळे उघडे होते. पांढरे, गोल, ओले. बॅटरी हलली की चमकायचे. सगळे भगदाडाकडे वळलेले वाटत होते, म्हणजे आमच्याकडे. जवळच्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब असेल. तिथून ऊब येत होती, बंद खोलीत खूप माणसं बसली की येते तशी. 

मामांनी मला मागे ओढलं. मग, मला समजवायला की स्वतःला, कोण जाणे, म्हणाले, "चुन्याचं पाणी आहे ते. वरून झिरपतं, साचतं, पांढरं होतं."

"हं," मी म्हणाले.

ते पुन्हा वाकले आणि बघून उठले. "सगळ्या अंगावर साचायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "डोळ्यांवरच कसं साचलं?"

त्यानंतर त्यांनी ते भगदाड विटांनी बुजवलं. मामांना मी अशी भिंत घालताना कधी पाहिलं नाही. ओळंबा नाही, सूत नाही, विटा कशाही ठोकून बसवत होते, मसाला हाताने चोपडत होते. मधेच थांबून म्हणाले, "हे एकट्या आपल्याच घरात नाही ग."  मी मनातल्या मनात आमच्या गल्ल्या चालत होते: गिरणी, दवाखाना, शाळेची नवी खोली, माझं दुकान. माझ्या दुकानात मामी निजली होती.

भाजीवाल्याच्या हातगाडीवर म्होरक्याला घालून आम्ही निघालो. मामा पुढून ओढत होते, मी मागून लोटत होते. गोणपाट होतं, पण मामांनी ते टाकू दिलं नाही. "झाकून नेलं होतं का आणताना?" म्हणाले. सगळं गाव दारात आलं. कुणी विचारलं नाही काय चाललंय.  आपापल्या घराच्या उंबऱ्यात उभे राहून त्या दगडाकडे बघणारे ते लोक, आणि त्यांच्या मागे त्यांच्या भिंती. मला मान वर करवेना.

नदीच्या वळणावर मामा थांबले. गाडी एकदम जड झाली म्हणून मी बाजूने पुढे बघितलं.

रांग नव्हती. टोकाचा तुकडा नव्हता, काहीच नव्हतं. नुसतं जोतं, आणि त्याच्या कडेने ट्रॅक्टरच्या चाकांची ताजी ओली माती. आम्ही भिंत फोडत होतो तेव्हा ऐकलेली घरघर याचीच होती. मामांनी सकाळी बघितलेला तुकडा दुपारपर्यंत कुणाच्या तरी अंगणात पोचला होता. जिथे म्होरक्या बसवायचा ती कोपऱ्याची जागा तेवढी स्वच्छ, झाडून ठेवल्यासारखी होती.

जोत्याजवळ खात्याची गाडी उभी होती. कुणीतरी कळवलं असेल. त्या बाई, दोन पोलीस, आणि त्यांच्यामागे हळूहळू गोळा होणारं गाव. बाईंनी हातगाडीवरचा दगड बघितला, मामांकडे बघितलं. अख्ख्या गावात चोरीच्या मालासकट सापडलेला एकच माणूस होता, आणि तो माल परत घेऊन आला होता.

"थापीमामा, तुम्ही?" मास्तर म्हणाले. इतक्या दुखावलेल्या आवाजात म्हणाले की मला त्यांच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. त्यांच्या चपलांना ओली माती होती.

बाई आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाकीचे दगड कुठे आहेत याची मला कल्पना आहे. इथली घरं बघितली की कळतं. कोणी आपण होऊन दिले तर त्याला त्रास होणार नाही. नाहीतर उद्या सकाळपासून आम्ही घराघरातल्या भिंती उघडणार."

 मामांचा चेहरा मी बघत होते. ही तर त्यांच्या मनासारखी गोष्ट होती. सगळी रांग परत आली असती, एकूण एक चिरा. एक दिवस आधी बाई हे बोलल्या असत्या तर मामांनी त्यांचे पाय धरले असते.

"सगळे मीच नेले," मामा म्हणाले.

"सगळे?"

"हो."

"एकट्याने?"

"आयुष्यभर नेत होतो. परगावच्या ट्रकवाल्यांना विकले. गावात एकही नाही. हा एवढा माझ्या घरी होता."

बाईंचा विश्वास बसला नाही, ते दिसतच होतं. त्यांनी गर्दीला विचारलं, "हे खरं आहे?"  आधी मास्तरांनी मान हलवली. मग गिरणीवाल्याने. मग एकेक करत सगळ्यांनी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मामा बाईंच्या जवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, काय शिक्षा द्यायची ती मला द्या. भिंती मात्र उघडू नका." बाईंना वाटलं, म्हातारा गोरगरिबांच्या घरांसाठी गयावया करतोय. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लिहून घेतलं, मामांचा अंगठा घेतला. म्होरक्याला गोणपाटात गुंडाळून गाडीत घातलं आणि शहरातल्या कुठल्याशा गोदामात नेलं. त्याच्या डोळ्यांतली माती काढायची राहून गेली. मामा म्हणत होते, एक मिनिट द्या, नुसती ओली चिंधी लागेल. पोलीस म्हणाला, हात लावायचा नाही.

मामांना वयाकडे बघून सोडलं. गाव त्यांच्याशी एकदम गोड वागायला लागलं. कुणी भाजी आणून द्यायचं, कुणी औषध आणायला धावायचं. मास्तर रोज सकाळी पेपर वाचून दाखवायला यायचे. ते आले की मामा डोळे मिटून घ्यायचे.

मामीला घरी आणल्यावर तिने कोपऱ्यातल्या वाकड्यातिकड्या विटांवरून एकदा हात फिरवला. रांगेपाशी काय झालं ते तिला शेजारणीकडून कळलं होतं. तिचा संताप अनावर झाला होता. मामा खाटेजवळ बसले तशी ती म्हणाली, "सगळ्या गावाचं पाप तुम्ही अंगावर का घेतलंत? नेताना वाटून नेलं, मग आता एकट्याने का? उघडू द्यायच्या होत्या भिंती. दिसू दे की एकेकाचं काय ते."

"गावासाठी नाही बोललो मी," मामा म्हणाले.

"मग कशासाठी?"

 त्यांचा हात मांडीवर निपचित पडला होता.

"उघडलं असतं तर त्यांना कळलं असतं, कुणी आणलं ते," ते म्हणाले.

"कुणाला? त्या बाईला?"

मामांनी नकारार्थी मान हलवली, कोपऱ्यातल्या विटांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी मामीची खाट धरली आणि कोपऱ्यातून ओढायला लागले. ती म्हणाली, "अगं, राहू दे की, मला उठताना भिंत लागते." मी ऐकलं नाही. ओढता ओढता मला रडू फुटलं, आणि मामा उठून दुसरी बाजू धरायला आले.